बारावी पेंढी

३ मार्च
युकॉन नदीकाठच्या या गावात शर्यतीच्या ठाण्यावर रुजू झालो. वीस वर्षं फेअरबँक्समधल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांवर रकाने लिहिले. आता प्रत्यक्ष सेवा. कार्य सोपं: आलेली कुत्री मोजायची, सही करायची, प्रत्येकाच्या निजेसाठी गवताची एकेक पेंढी द्यायची. शेगडी उत्तम, सुकवलेला सामन मासा त्याहून. ठाणं इलायझा आजींचं. त्यांचे वडील याच वाटेनं टपाल नेत. तेव्हापासूनची इथली रीत: प्रत्येक डोक्याला उघडा हात लावून मोजायचं. लेखणीवाल्या, बोटं आणलीयेस ना, की कचेरीतच ठेवलीस, असं आजींनी विचारून घेतलं.

६ मार्च
उणे पंचेचाळीस. सकाळी अर्विन नावाचा गाडीवान आला. दोन दिवस झोप नाही, पापण्या गोठलेल्या. दारातूनच म्हणाला, बारा आहेत ना रे भाऊ? मी शेगडीपाशी. खिडकीबाहेर नुसती वाफ. बारा, म्हणालो आणि सही ठोकली. त्यानं पेंगतच पेंढ्या पसरल्या. हात लावलास ना, असं आजींनी विचारलं. लावला, म्हणालो.

७ मार्च
अर्विन पहाटेच्या अंधारात पेंगतच गेला, मग अंगण आवरलं. अकरा पेंढ्या चुरगळलेल्या, केस चिकटलेले. बारावी जशीच्या तशी, बांधलेली.
मी ती शेगडीत घातली.
दुपारी रेडिओवर कळलं: पुढच्या ठाण्यावर अकराच भरली. पेपर नावाची कुत्री नाही. माझी सही बाराची, म्हणून सगळे आमच्या ठाण्यापुढची, खालची वाट धुंडाळताहेत. ती इथं पोचण्याआधीच, वरच्या वाटेवर राहिलीय. एक वाक्य बोललो तर पुरे. बोललो नाही.

८ मार्च
आजींनी चहा दिला. मनाला लावून घेऊ नकोस बाळा, तू तर हात लावून मोजलीस, म्हणाल्या. कप तसाच खाली ठेवला.
पुढची गाडी आली. नऊ कुत्री. मी हात लावून मोजली: दहा. पुन्हा दहा. आजींनी मोजली: नऊ.

९ मार्च
सातांची गाडी. माझ्या हाताला आठ. आठवं डोकं थंडगार, कानांत बर्फ —
अंगणात एक पेंढी. बांधलेली. मी जाळली होती ती.

१० मार्च
शेवटच्या गाडीला पेपर सापडली. वरच्या वाटेवर, पट्टा झुडपात अडकलेला. परवापर्यंत जिवंत असावी, म्हणाले.
 आजींनी माझा सहीचा कागद भिंतीवर टांगलाय.

११ मार्च
गाड्या संपल्या. तरी अंगणात अंग झटकल्याचा आवाज —
आजींना सांगतो. आत्ता. हात लावला नव्हता मी —
खोलीचं दार आतून बंद आहे, तरीही मांडीवर काहीतरी टेकलं. थंड.
मोजतो. हातमोजा काढून. बारा —