डांबरगोळ्यांतलं घड्याळ

शनिवार, मे २००३

हुश्श! चाललं एकदाचं. काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतोय, पण चालतोय.

उद्या हे दुबईहून येणार, म्हणून मामंजींनी सकाळी कपाटातून घड्याळ काढलं. गेल्या सुट्टीत ह्यांनीच त्यांना आणलेलं. जुन्या घाटाचं, मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, बाजूला शर्यतीची वेळ मोजायची बटणं. मामंजींना इतकं आवडलं की एकदाही घातलं नाही! रुमालात गुंडाळून डांबरगोळ्यांत ठेवलं, लग्नाकार्याला म्हणून. आज बघतात तर बंद. "पोराला काय सांगू गो?" म्हणाले आणि जेवलेच नाहीत. मला वाटलं, स्वस्तात देतो म्हणून ह्यांना कुणीतरी फसवलंच.

मीच बाजारात नेलं, सेल बदलायला. घड्याळवाला हसायलाच लागला. "वहिनी, हे उन्हावर चालतं. कपाटात कोंडलंत तर काय होणार?"

घरी आल्यावर अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांशेजारीच ठेवलं. मामंजी काठी घेऊन कावळे हाकत बसले. ऊन कलायच्या आत ओरडले, "अगो, हलला काटा!" मग सकाळचाच भात मागून घेऊन पोटभर जेवले. घड्याळ हातातच. डांबरगोळ्यांच्या वासासकट.

आणि मी कशाला हसतेय त्यांना? ह्यांनी आणलेली निळी साडी, तिची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. उद्या स्टेशनवर तीच नेसून जाणार. वास येईल. येऊ दे.