तिसऱ्या कडव्यानंतरचा खोकला

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज पुन्हा तिचा आवाज आला!

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा भोंगा मुका होता, आणि घर असह्य झाले होते. आज शाळा उघडली. पावणेअकराच्या सुमारास वरच्या सड्यावरून, शाळेच्या पठारावरून, पेटीचे सूर उतरले आणि पाठोपाठ ती प्रार्थना गाऊ लागली. मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. पहिले कडवे, दुसरे, तिसरे – आणि तिसऱ्यानंतर तो लहानसा, अर्धवट दाबलेला खोकला. मग सगळ्या शाळेचा खोकला. मग चौथे कडवे.

चहा निवून गेला. पुन्हा केला नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

शाळेच्या शताब्दीनिमित्त इतिहास लिहिण्याचे काम मी स्वीकारले, त्याला दोन वर्षे होत आली. महाविद्यालयात जन्मभर इतिहास शिकवला. नकार देणे शोभले नसते. पत्नी आजारी असतानाही रोज दुपारी वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे चाळत होतो. ‘तुम्ही जा हो. मला काही होत नाही. शिवाय दुपारी माझ्याकडे मुली येतात गाण्याला,’ असे म्हणून तीच मला घराबाहेर काढीत असे.

इमारतीचे प्रकरण पूर्ण झाले. जांभ्याच्या भिंती, वादळात उडालेली कौले, मुलींना प्रथम प्रवेश दिला तेव्हाचा गदारोळ – सर्व यथास्थित उतरले आहे. आज शिक्षकांचे प्रकरण घेतले. संगीत शिक्षिकांपाशी, म्हणजे हिच्यापाशी, अडलो. तिच्या नावाआधी ‘कै.’ लिहावयास हवे. रोज सकाळी जी गाते, तिला ‘कै.’ कसे लिहावे?

पेन बंद करून ठेवले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

खोकल्याचा इतिहास कोणत्याही वर्तमानपत्रात नाही. मलाच लिहिणे भाग आहे.

प्रार्थना ध्वनिमुद्रित करण्याचे ठरले, तेव्हा तिला पडसे झाले होते. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या – कावळ्यांचा आवाज येऊ नये म्हणून. तिसऱ्या कडव्यानंतर तिला खोकला आला. तत्कालीन मुख्याध्यापक म्हणाले, ‘राहू दे बाई, कॅसेट एकच मंजूर आहे.’ राहिला. पहिल्याच आठवड्यात नववीच्या टवाळांनी तिच्यामागून खोकायला सुरुवात केली. मग सबंध शाळा खोकू लागली. एकदा लेखी सूचना निघाली की, प्रार्थनेत खोकणाऱ्यास शिक्षा होईल. दुसऱ्या दिवशी शिक्षकही खोकले!

आता कोणी टवाळी म्हणून खोकत नाही. नव्या मुलांना वाटते, प्रार्थना अशीच असते. तिची विद्यार्थिनी नसीमा एकदा सांगत होती – कुवेतमध्ये बाजारात कोणी रत्नागिरीचा वाटला, तर तिचा नवरा आधी तसा खोकून पाहतो. समोरचा खोकला, तर आपल्याच शाळेचा!

ही हसून हसून बेजार झाली होती.

सोमवार, २ डिसेंबर

मुख्याध्यापिका शिवलकर येऊन गेल्या. याच शाळेच्या विद्यार्थिनी. बोलणे मोकळे, माझ्या दृष्टीने जरा जास्तच. ‘सर, खूशखबर! नवीन साउंड सिस्टीम येतेय. प्रार्थनापण मुंबईला स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड करून घेतोय. एकदम क्लीन! शताब्दीच्या दिवसापासून तीच लावायची.’

मी म्हणालो, ‘उत्तम.’

उत्तम! शाळेच्या सोयीपुढे स्वतःचे दुःख मांडणे मला जमले नाही. त्या गेल्यावर दार लावले. महिनाभराने तिचा आवाज बंद होणार. ती दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी मी ‘उत्तम’ म्हणून मोकळा झालो आहे.

मंगळवार, ३ डिसेंबर

हिचे वर्षश्राद्ध पार पडले. गुरुजी म्हणाले, ‘आता मन आवरा.’

गुरुवार, ५ डिसेंबर

शेवटच्या महिन्यांतली गोष्ट सारखी आठवते. प्रार्थना सुरू झाली की ती डोळे मिटून गोधडीवर बोटांनी ताल धरीत असे. एकदा मी थट्टेने म्हणालो, ‘स्वतःचाच आवाज किती दिवस ऐकणार?’ ती म्हणाली, ‘ऐकू द्या हो. आज वरचा सूर नीट लागलाय. काल पडला होता.’

ध्वनिफितीवरचा सूर काल पडेल आणि आज कसा लागेल? औषधांची गुंगी असावी, असे मी समजलो.

ठरवले – उद्या जाऊन ती कॅसेट मागून घ्यावयाची. नवी आल्यावर जुनीचा शाळेला उपयोग नाही. ही मागणी गैर नव्हे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

गेलो नाही. सदरा इस्त्रीचा नव्हता. (हे कारण नव्हे.)

सोमवार, ९ डिसेंबर

आज चढण चढून गेलो. पोहोचलो तेव्हा मुले पटांगणात रांगा धरीत होती. शिपाई काशीरामने खुर्ची आणली. ‘काय वो सर, किती दिवसांनी! वायच बसा, प्रार्थना होऊं दे.’

पेटी वाजली. तिचा आवाज सुरू झाला – आणि मी पाहिले. व्हरांड्यात, माईकपुढे, ओढणी सावरीत एक मुलगी उभी होती. तिचे ओठ हलत होते. तिसरे कडवे संपले. तिने मान किंचित वळवली आणि खोकली. तसेच. अर्धवट दाबून.

सगळी शाळा खोकली. प्रार्थना संपताच मी उठलो.

‘आणि कॅसेट?’ काशीरामला विचारले.

‘ती कदीच गेली, सर! गेल्या वर्षाच्या पावसात यंत्रानं खाल्लीन. तवापासून ही अलफिया म्हणते, नसीमाची पोर. बाई होत्या तेव्हाची गोष्ट ही – तुमाला म्हायती नाय?’

मला माहीत नव्हते. जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, साधन तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि वर्षभर एका परक्या मुलीच्या आवाजापुढे खुर्ची ओढून बसत होतो. बायकोचा आवाज मला ओळखता आला नाही!

तसाच चढण उतरून घरी आलो.

मंगळवार, १० डिसेंबर

प्रार्थनेच्या वेळी खिडकी लावून घेतली. तरीही ऐकू आले.

बुधवार, ११ डिसेंबर

शिक्षकांचे प्रकरण पूर्ण केले. ‘कै.’ लिहिले.

शनिवार, १४ डिसेंबर

दुपारी अलफिया आली. उंबऱ्याबाहेरच उभी. नवी प्रार्थना स्टुडिओत तीच गाणार आहे; तिथले लोक म्हणतात, खोकला नको. मॅडमही तेच म्हणतात. तिची एकच अडचण होती – ‘मी बाईंना शब्द दिलाय, सर.’

कसला शब्द? कॅसेट तुटली तेव्हा हिनेच तिला बोलावून घेतले होते. मी वाचनालयात असे तेव्हा, अंथरुणावरूनच शिकवले. सूर महिनाभर घोटून घेतला. खोकला त्याहून जास्त दिवस. तो कधी गाळायचा नाही, हा शब्द.

सोमवारी वर जाऊन शिवलकरांना सांगणार : खोकला राहील. विनंती नव्हे.

जाताना पोर म्हणाली, ‘मी विचारलं होतं बाईंना, खोकायचं कशाला? तर म्हणाल्या – खाली सर खिडकीत बसतात गं. खोकला नाही आला, तर त्यांना कळेल मी नाही ते.’