तुमचा पूल मी बंद केला

अण्णा, प्रवरेवरचा तुमचा पूल मी बंद केला. प्रस्तावना तुम्हाला कधीच आवडली नाही, म्हणून आधी हेच सांगते. दोन्ही टोकांना मातीचे ढिगारे टाकलेत आणि शाळेच्या मुली आता संगमनेरच्या रस्त्याने लांबचा वळसा घालून जातात.

पूल नवा होता तेव्हाचा पहिला पूर मला आठवतो. श्रीरामपूरच्या कॉन्व्हेंटमधून मी सुट्टीला घरी आलेली, अंगावर शाळेचाच रेनकोट. तिथे सिस्टर देवाची भीती शिकवत, इथे तुम्ही पाण्याची. तुम्ही कठड्यावरून शिशाचं वजन बांधलेली दोरी खाली सोडताय आणि मी लाल पाण्याचे भोवरे बघत उभी आहे. "पाण्याकडे काय बघतेस? दोरीकडे बघ," असं खेकसलात. पुराचं पाणी खांबाला आपटून घुमतं, पायाजवळची वाळू उपसून खड्डा करतं आणि पूर उतरला की तोच खड्डा गाळाने भरून टाकतं, म्हणून खोली मोजायची ती भर पुरात, हे मला कॉलेजच्या आधी तुम्ही शिकवलंत. पुढे मी नोकरीही तीच केली.

आता पुलांची तपासणी मे महिन्यात होते, अण्णा. निवृत्त झाल्यावरही मला समितीवर बोलावलं, बहुधा तुमची मुलगी म्हणून. कोरड्या नदीत सगळे बूट न भिजवता उतरले, तिसऱ्या खांबाशी भरलेल्या गाळावर उभे राहिले, फोटो काढले आणि पाया उत्तम ठरवला. भरलेला खड्डा दिसत नसतो, हे मी तीनदा सांगितलं. समितीचे प्रमुख साहेब हसून म्हणाले, "मॅडम, भर पुरात इथे कोण येणार?" मी म्हटलं, "नदी येते."

पूर आला तशी मी दोरी घेऊन गेले. तिसऱ्या खांबाशी दोरी उतरत गेली, उतरतच गेली. तुम्ही पायाच्या विहिरी, खांबाखालचे ते काँक्रीटचे गोल नळे, जिथवर खाली नेल्या होत्या, त्या तळाच्या जेमतेम वर वजन टेकलं. तुमचा हिशोब चुकला नव्हता. तुम्ही पुराचा हिशोब केलात, ट्रॅक्टरचा कसा करणार? इतकी वर्षं रात्रंदिवस वाळू उपसून नदीचा तळच वाळूवाल्यांनी पुरुषभर खाली नेला आहे.

आणि नेमकं तेव्हाच गावातल्या बायका नदीची ओटी भरायला आल्या. खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन पन्नासेक जणी त्याच खांबावरच्या कठड्याला दाटून उभ्या. एरवी तुरळक वर्दळीचा पूल भर पुरातच गजबजतो, हे कुठल्या तपासणीत लिहिलेलं नसतं. मी ओरडून त्यांना मागे सरकवायला लागले. एका म्हातारीने मला ओळखलं. "सायबाची लेक ना गं तू? तुझ्या बापाचा पूल हाय, त्यो न्हाई हालायचा."

"मावशी, खाली वाळूच राहिली नाही."

"कुठं गेली?"

"तुमच्या दारात ट्रॉली उभी असते, तिला विचारा."

तोंड आवरायला हवं होतं. न वाहिलेली ओटी तिने पदरात गुंडाळली आणि मागे वळली. नदीला आणलेली ओटी घरी परत न्यायची नसते, हे मलाही ठाऊक आहे. तिच्यामागोमाग सगळ्या उतरल्या.

संध्याकाळी कार्यालयात माझ्या मोजणीवरून पूल बंद करण्याचा आदेश समितीच्या सहीसाठी टाईप होऊन आला. त्यात कारण होतं: मूळ पायाची रचना अपुरी. मी ते खोडून वाळूउपसा लिहिलं. साहेब म्हणाले, मग चौकशी लागेल, वरून मंजुरी लागेल, आणि तोवर पूल चालू राहील. पहिलं वाक्य ठेवलं तर आत्ता, याच घटकेला बंद. मी त्यांना जे सुनावलं ते ऐकून सिस्टरांनी मला बाकावर उभं केलं असतं. बाहेर पाणी चढत होतं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतल्या बायका ओटी घेऊन यायच्या होत्या.

मी सही केली, अण्णा. तुमचा पाया अपुरा होता, या वाक्याखाली. तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. सही एका दमात, नेहमीच्याच वळणात उमटली, आणि तेवढंच मला सहन होत नाही.