घड्याळाला गुपचूप चावी

दादा,

प्रभूमध्ये सलाम. तुझ्या गोदामातल्या नोकरीचं मी ‘देवाला विचारून सांगतो’ म्हणालो होतो. विचारलं ते असं: दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ चावी न देता रविवारपर्यंत चाललं, तर इथेच घड्याळं दुरुस्त करत राहायचं. बंद पडलं, तर दुकान आवरून तुझ्याकडे यायचं.

गुरुवारी टिकटिक मंदावल्यासारखी वाटली, तशी मी गुपचूप चावी दिली.

हिने नेमकं पाहिलं. म्हणाली, “देवाची परीक्षा घेता, आणि पेपर तुम्हीच फोडता?”

मला हसू आलं, मग लाज वाटली. तिथेच गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, ही अट मी मागे घेतो. पुढचं काही दिसत नाही, तू सोबत राहा. उत्तर आलं नाही, पण मन निवलं.

त्या गुरुवारनंतर पुन्हा चावी दिली नाही, आणि काल ते घड्याळ बंद पडलं. एरवी माझं धाबं दणाणलं असतं. मी ते उतरवलं, पुसलं, आणि दुकान उघडलं. दिवसभरात एकच गिऱ्हाईक आलं, तेही पट्टा बदलायला.

तुला फोनवर नुसतं ‘नाही येत’ एवढंच सांगेन. हे पत्र घड्याळाच्या पेटीत ठेवतोय. चावी आता हिच्यासमोर देतो.

तुझा,
धाकटा