नजरेचा तवा

मंगळवार, दिवेलागण

सगळ्यात आधी टपकली ती श्रीगोंद्याची माझी नणंद, मागून तिची जाऊ. माझ्या नातीची, चिऊची बोटं भाजली म्हणून बघायला. बघायला कसल्या, चहा ढोसायला! नणंद म्हणते, "वहिनी, सूनबाईचं ध्यान मोबाईलात असंल, दुसरं काय?" सून आत चहा गाळत होती, तिनं ऐकलं. आन् मी मान खाली घालून गप! थू माझ्या जिनगानीवर.

तवा मी ठेवला होता. काल चिऊ नव्या फ्रॉकात अशी नाचली, वाटलं माझीच नजर लागंल. मीठ-मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या, तवा फरशीवर ठेवला. ठसका आला न्हाई, म्हणजे नजर लई मोठी, हे सुनेला सांगायला मी आत पळाले. शहाणीच मी! तेवढ्यात पोरीनं तव्याला हात लावला.

सून मला एका शब्दानं बोलली न्हाई. चिऊ तर पट्टीची बोटं माझ्याच तोंडाशी आणते, "आजी, फू कर." किती गोड माझं लेकरू!

जाताना नणंद म्हणते, "पोरीची नजर काढा." डोंबल!

रविवारी परत येतो म्हणाल्यात. येऊ देत. सुनेला शेजारी बसवून सांगणार हाय, तवा कुणी ठेवला ते.