कोमलने तुमच्या आवाजाला विचारलेला प्रश्न

आदरणीय यमुनामावशी,

न विचारता लिहीत आहे, क्षमा असावी. शेजारच्या मुलीने, तेही तुम्ही हे जग सोडून गेल्यावर, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र धाडावे, हे धार्ष्ट्यच. परंतु काल आपल्या नवागामच्या वस्तीत मी घेते त्या शिकवणीवर्गात एका मुलीने तुम्हाला प्रश्न विचारला. तो तुमच्यापर्यंत पोहोचवायला नको का?

साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता तुम्ही सांगितलेली करडाची गोष्ट मी मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रित केली होती, आठवते? तिला चित्रे जोडून मी मुलांसाठी व्हिडिओ केला. माझे मधले 'हूं' मात्र कापून टाकले. स्वतःच्या आवाजाची मला लाज वाटते.

तापीत उतरलेले करडू मगरीला गळ्यातली घंटा देऊन सुटते, इथवर मुले मुकाट पाहत होती. एवढ्यात कोमल उठली. जालन्याहून आलेली ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. मोबाईलकडे पाहत म्हणाली, "ओ मावशी, थांबा की! घंटाच दिली, तर आई त्याला हुडकणार कशी?"

तुमचा आवाज पुढे निघून गेला.

"अगं येडे, आ तो व्हिडिओ छे!" मराठीत गुजराती मिसळत मुले खदखदली. कोमल खाली बसली. ती पुन्हा कधी विचारेल का? तिच्या जागी मी असते, तर विचारले नसते.

घरी येऊन मूळ ध्वनिमुद्रण ऐकले. माझ्या प्रत्येक 'हूं'साठी तुम्ही थांबता! एकदा मी विसरले, तर दटावता, "हूं म्हन ना वं! नही ते मी कोनले सांगू?" आणि तोच प्रसंग निराळ्या शब्दांत पुन्हा सांगता. म्हणजे मला समजले की नाही, हे तुम्ही त्या एका हुंकारावरून ओळखत होता? गोष्ट ठरलेली होती, की माझ्याकडे पाहून रचत होता? इतकी वर्षे शेजारी राहून हे कधी बोलला नाहीत, मावशी!

आणि करडाच्या आईचे काय झाले? तुमच्या गोष्टीत ती पुन्हा येतच नाही.

उद्या व्हिडिओ लावणार नाही. घंटेपर्यंतची गोष्ट मी स्वतः सांगेन, आणि कोमलसमोर थांबेन. तिला कितीही वेळ लागला, तरी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. ती सांगेल तशीच आई करडाला शोधेल, हे वचन देते. गोष्ट बदलली, तर रागावू नका.

तुमच्या शेजारची,
वैशाली

रविवार, १९ जानेवारी २०२५, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी पाठवले.