आजीच्या लग्नाच्या दोन नोंदी

४ मार्च

आजी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "तुझ्या आजोबांना मी दोनदा हो म्हटलंय." मी तेव्हा नऊ वर्षांची. सगळे हसले, मीही हसले. आज नोंदणी कार्यालयात ते वाक्य आठवलं — घराण्याची माहिती जमवायला गेले आणि आजी-आजोबांच्या लग्नाच्या नोंदी निघाल्या दोन! नावं तीच. मध्ये आठ वर्षं.

कारकून म्हणाला, "जुनी वही फाटली की आम्ही नव्या वहीत उतरवून काढतो. कुणीतरी पेंगत दोनदा उतरवलंय. अर्ज द्या, दुसरी नोंद रद्द करू." कोरा अर्ज घेऊन आले.

५ मार्च

जन्माच्या नोंदी जुळवल्या. आत्या पहिल्या लग्नानंतर वर्षाने. बाबा दुसऱ्या लग्नानंतर वर्षाने. चहा उतू गेला.

९ मार्च, रविवार

घड्याळजी आला. म्हणजे माझा नवरा — होता तो. घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून लग्नाआधीपासून मी त्याला हेच म्हणते. घटस्फोटाला सहा वर्षं झाली, पण लेकीसाठी त्याचा रविवार चुकत नाही.

आधी गळका नळ नीट केला. मग डोळ्याला भिंग लावून नोंदींच्या नकला वाचत बसला. लेक म्हणाली, "बाबा, ते घड्याळ नाहीये, पणजी आहे."

"चालतेय अजून," तो म्हणाला. मग मला हाक मारली — "उतरवणारा तारीख चुकेल. पत्ता कसा बदलेल?"

खरंच. पहिल्या नोंदीत आजीचा पत्ता तिच्या वडिलांच्या घरचा. दुसऱ्या नोंदीत भाड्याची खोली, व्यवसाय — शिवणकाम.

बराच वेळ एकच भिंग आलटून पालटून घेत बसलो. बरं वाटलं.

११ मार्च

आत्याला फोन केला. हसतच सुटली. "अगं, मी होते की आई-बाबांच्या लग्नाला! शाळेत सांगितलं, तर बाईंनी कान पिळला, थापा मारते म्हणून."

आजी तिला घेऊन घराबाहेर पडली होती. रीतसर काडीमोड घेतला. आजोबा दर महिन्याला यायचे, तिच्या शिलाई मशीनला तेल घालून जायचे. "तीनदा विचारलं त्यांनी, तीनदा आई नाही म्हणाली."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा म्हणाली, आधी चहा घ्या."

चौथ्यांदाही नाही म्हणाली असती, तर बाबा नाहीत. मी नाही. माझी लेक नाही.

१२ मार्च

अर्ज कोराच परत केला. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, मी म्हणाले.

"असं कुठं असतं, मॅडम?"

"आमच्याकडे असतं."

१६ मार्च, रविवार

तो स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल बदलतोय. नाहीच म्हणेल — सोडून आले ती मी. तरी विचारणार. ऐन वेळी शब्द फिरायला नकोत, म्हणून आधी इथे लिहून ठेवते: माझ्याशी पुन्हा लग्न करशील का?